खोली किती आहे?

चव्वेचाळीस.
काही चालू नाही, पडद्यावर एक खिडकी उघडी नाही,
आणि चव्वेचाळीस.
मग एकदम एकावन्न. मग त्रेचाळीस.
घणसोली, सेक्टर सात, रात्रीचे साडेअकरा,
मे महिना भिंतींतून अजून उतरलेला नाही.

तीन महिने एकेक भाग जमवला मी.
भिशी उचलली, जुना संगणक विकला,
आणि आज दुपारी जेवणाच्या टेबलावर
ऑइलक्लॉथ दोनदा पुसून, बांगड्या काढून,
प्रोसेसर जागेवर ठेवला,
डोळ्यातलं कुसळ काढताना धरतात तसा श्वास धरून.
वर वाटाण्याएवढी पेस्ट.
ताजा मटार की सुका वाटाणा,
हे कुणीच लिहीत नाही.

माणसाला चव्वेचाळीस ताप असता
तर आतापर्यंत शेजारी जमले असते.
याला किती म्हणजे बरं, किती म्हणजे आजारी?
कुणी म्हणतं तीस, कुणी म्हणतं पन्नासही चालतं,
जो तो आपापल्या घरातून बोलतो.

आणि मग आठवलं :
कूलरच्या तळाला एक पारदर्शक पापुद्रा असतो,
बसवण्याआधी सोलायचा.
सोलला होता का मी?

कचऱ्याचा डबा पेपरवर उपडा केला.
चहाचा चोथा, थर्माकोलचे मणी, कढीपत्त्याच्या काड्या,
एक स्क्रू (हा कुठला? राहू दे, उद्या बघू),
आणि हापूसच्या कोयीला चिकटलेला तो,
लाल अक्षरांत : लावण्यापूर्वी काढा.
मी त्याला जवळजवळ नमस्कार केला.

आवाजाने बाबा उठले.
बत्तीस वर्षं पावण्याच्या एमआयडीसीत बॉयलरवर होते.
प्रोसेसर म्हणजे काय, विचारलं नाही.
पडद्यावरचा आकडा बघितला, म्हणाले,
"खोली किती आहे?"

मला वाटलं, कशाची खोली? किती खोल?
"अगं, या खोलीचं तापमान. त्यातच बसलंय ना ते?"

कपाटातून फ्लॅनेलच्या फडक्यातला तापमापक काढला,
लाकडी पाठीचा, पाऱ्याचा.
कारखाना बंद झाला त्या दिवशी
कुणी खुर्च्या नेल्या, कुणी टेबलफॅन.
यांनी हा.
दहा मिनिटं तो कॅबिनेटशेजारी टेकवून ठेवला,
घाई करू दिली नाही.
तेहतीस.

"म्हणजे तुझं यंत्र अकराच चढलंय.
बाकीचे तेहतीस आपल्या सगळ्यांचे."

मी पुन्हा माऊस हलवला. आकडा उडाला, एकोणपन्नास.
"सारखं झाकण उघडून बघू नकोस," म्हणाले,
"तू बघतेस हेही त्याला काम.
आणि रिकामं म्हणजे थंड, असं कुठे असतं?
कोळशावर होता तेव्हा रात्री आम्ही
निखारे राखेखाली लोटून ठेवायचो.
विझवायचो नाही."

मग विजेच्या बिलाच्या पाठीवर तीन रकाने आखले,
पट्टी न घेता, सरळ :
खोली. यंत्र. फरक.
दर दहा मिनिटांनी एक ओळ.
अकरा. अकरा. बारा, कुणीतरी पंखा कमी केला होता. अकरा.
आकड्यांना वळण होतं त्यांच्या,
साताच्या पोटात आडवी रेघ,
एक आणि सात पाळीत चुकायला नको म्हणून.

त्यांच्या कारखान्याच्या जागेवर आता डेटा सेंटर आहे.
खिडक्या नसलेली पांढरी इमारत, रात्रंदिवस घुमते.
रिक्षातून जाताना एकदाच म्हणाले होते,
"आत कोण बघत असेल काटा?"
मी तेव्हा फोनवर होते.

एक वाजता मी यंत्र बंद केलं, झोपले.

सकाळी बिल टेबलावरच होतं.
दीड वाजताची ओळ होती. सव्वातीनची होती.
शेवटची चार दहाची :
खोली एकतीस.
यंत्राच्या रकान्यात रेघ.
फरकाच्या रकान्यात रेघ.
खाली सही, आणि बारीक अक्षरात
तिसरी पाळी.